हवाबंद होडी

माणसाने आयुष्यात दोन गोष्टींपासून लांब राहावं. एक, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं. आणि दोन, मेहुण्याच्या उत्साहात सामील होणं. पहिल्या बाबतीत बँकेतल्या नोकरीने मला पुरेसं शहाणं केलं आहे. दुसऱ्या बाबतीत बँक काही शिकवत नाही. बी.कॉम.लाही तो विषय नव्हता.

एका रविवारी सकाळी मी गॅलरीत उभा राहून, एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी असूनही आपल्याला फक्त समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले टॉवेल का दिसतात, या प्रश्नाचा विचार करत होतो. रबाळ्यात राहणाऱ्याला हा प्रश्न अधूनमधून पडतोच. इतक्यात खालून हॉर्न वाजला आणि पाठोपाठ हाक आली, "भाऊजी, खाली या! ताईलाही आणा!"

खाली मेहुणा एका पांढऱ्या ईको गाडीला टेकून, नवा बैल विकत घेतलेल्या शेतकऱ्यासारखा उभा होता. गाडी जुनी होती. पूर्वी ती शाळेच्या मुलांना न्यायची, हे आतल्या पत्र्यावरच्या पेन्सिलीच्या लिखाणावरून कळत होतं.

"कॅरॅव्हान!" मेहुणा म्हणाला. "हिच्यातच राहायचं, हिच्यातच जेवायचं, हिच्यातच झोपायचं."

आमच्या वन रूम किचनमध्ये आम्ही हेच करत आलो आहोत, फक्त त्याला चाकं नाहीत, असं मी बोलणार होतो. पण सौभाग्यवती शेजारी होती आणि भाऊ तिचा होता.

मेहुण्याने माहिती पुरवली. परदेशात लोक अशी घरगाडी घेऊन महिनोन्‌महिने हिंडतात. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही 2021 साली कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं आहे. सरकारी धोरणात गाडीत स्वयंपाकघर, बाथरूम वगैरे असतं. मेहुण्याच्या गाडीत प्लायवूडच्या तीन फळ्या, एक शेगडी आणि त्याच्या बायकोच्या जुन्या साडीचा पडदा होता. गाडीत कायमचा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, म्हणून त्याने सगळंच सुटं ठेवलं होतं. म्हणजे कागदोपत्री ती गाडीच होती. घर तेवढं मेहुण्याच्या मनात होतं.

बेत असा ठरला की नाताळच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबांनी तारकर्लीला जायचं. अर्धी माणसं गाडीत झोपतील, अर्धी तंबूत. कर्ली नदी जिथे देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते, त्याच्या अलीकडच्या शांत पाण्यात होडी वल्हवायची.

"कोणाची होडी?" मी विचारलं.

"आपली!" मेहुणा म्हणाला. "कयाक घ्यायची. हवा भरायची. निवड तुम्ही करायची भाऊजी. एक तर तुम्ही बँकेतले, कागदपत्रं नीट वाचता. आणि दुसरं म्हणजे आपल्यात पट्टीचे पोहणारे तुम्ही एकटेच."

या दुसऱ्या वाक्याने माझ्या पोटात जे झालं, ते आधी सांगून ठेवायला हवं.

माझं आजोळ नदीकाठचं. दहा वर्षांचा असताना मी ती नदी पोहून ओलांडली, ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो आहे. गोष्ट खरी आहे. म्हणजे नदी खरी आहे, मी खरा आहे आणि मी पलीकडे गेलो हेही खरं आहे. फक्त माझ्या पाठीला वनस्पती तुपाचा झाकण डाखून बंद केलेला रिकामा डबा बांधलेला होता, माझ्या पोटाखाली मामाचा हात होता आणि महिना मे असल्यामुळे पाणी मामाच्या छातीपर्यंत होतं. कॉलेजात ही गोष्ट सांगताना प्रथम डबा गळाला. नोकरी लागल्यावर मामा गळाला. लग्नानंतर मे महिना जाऊन श्रावण आला. नदीची रुंदी तर दरसाल दरशेकडा दहा टक्के चक्रवाढ दराने वाढत गेली. आता तीस-पस्तीस वर्षांनी तिचं पात्र केवढं झालं असेल, ते वाचकांनीच काढावं; मला कॅल्क्युलेटर लागेल.

तर अशा पट्टीच्या पोहणाऱ्याने होडीच्या निवडीचं काम हाती घेतलं. हे काम लांबवायचं, असं मी ठरवलं. बँकेत काम लांबवण्याची एक प्रतिष्ठित पद्धत आहे: त्याचा सखोल अभ्यास करायचा.

अभ्यासाला सुरुवात केली ती अगदी उत्तर ध्रुवाकडून. कयाक ही मूळची तिकडच्या एस्किमो म्हणजे इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बसवायचं आणि शिकारीला निघायचं. मला आवडलेला भाग असा की ही होडी ज्याची त्याच्या अंगाच्या मापाने बनवत आणि तिचं कातडं घरातल्या बायका शिवत. म्हणजे होडी घट्ट झाली तर दोष कोणाचा, हे तिथेही ठरलेलं असणार.

पुढे 1907 साली जर्मनीत रोझेनहाइम गावच्या योहान क्लेपर नावाच्या शिंप्याने घडीची कयाक विकायला काढली. मूळ कल्पना एका विद्यार्थ्याची, धंदा शिंप्याचा. लोक ती पिशवीत घालून रेल्वेने नदीवर जात. मी लगेच मनाने ती पिशवी घेऊन संध्याकाळी सहा वाजता ठाण्याला आमच्या ट्रान्स हार्बर लोकलमध्ये चढलो, आणि मनानेच रबाळ्याला न उतरता तुर्भ्याला गेलो.

पण माझं मन जिंकलं ते इंग्रजांच्या आरमारातल्या पीटर हॅल्केट नावाच्या लेफ्टनंटने. या गृहस्थाने 1840 च्या दशकात रबर लावलेल्या कापडाची अशी होडी केली, की हवा काढली की तिचा झगा व्हावा. म्हणजे अंगावर होडी घालून हिंडायचं. हातातल्या काठीचं वल्हं करायचं. आणि छत्रीचं शीड! आरमाराच्या वरिष्ठांनी कल्पनेचं कौतुक केलं आणि आरमाराला तिचा उपयोग नाही, असं कळवलं. आमच्या हेड ऑफिसकडे पाठवलेल्या सूचनांचं नेमकं हेच होतं, त्यामुळे हा हॅल्केट मला एकदम आपल्या शाखेतला वाटला. त्याची होडी पुढे उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांत मात्र खरोखर कामाला आली.

"बाबा, होडी कुठली घ्यायची ते ठरलं का?" कन्येने विचारलं. ती दहावीच्या उंबरठ्यावर आहे आणि या वयात मुली आईबापांशी बोलतात तेच मुळी खुलासा मागायला.

"अजून 1845 पर्यंत आलोय," मी म्हटलं.

मग नाइलाजाने चालू शतकात आलो. हवेची होडीच का, याचं उत्तर सोपं होतं. पक्की प्लॅस्टिकची कयाक दहा-बारा फूट लांब. ती ईकोच्या टपावर बांधता येईल. पण उरलेले तीनशे पन्नास दिवस ठेवायची कुठे? आमच्या सोसायटीत जिन्याखाली सायकल ठेवली तर सेक्रेटरी नोटीस लावतात. हवेची होडी मात्र घडी घातली की जुन्या होल्डॉलएवढी होते आणि पलंगाखाली जाते. वजन दोन माणसांच्या होडीचं बारा-पंधरा किलो, म्हणजे आमच्या घरच्या महिन्याच्या तांदळाएवढं.

पण हवेच्या होडीतही जाती आणि पोटजाती आहेत. साधी पीव्हीसीची होडी, तिला हवेचा दाब लागतो जेमतेम एक पीएसआय. म्हणजे माझ्या स्कूटरच्या चाकात याच्या वीस-पंचवीस पट हवा असते. "मग पेट्रोल पंपावरच भरू की!" मेहुणा म्हणाला. तसं केलं तर होडी फुटते, हे मी त्याला वाचून दाखवलं. महागड्या होड्यांचा तळ निराळा असतो. त्यात वरच्या आणि खालच्या कापडाला जोडणारे हजारो धागे आत विणलेले असतात, त्यामुळे आठ-दहा पीएसआयपर्यंत हवा भरली तरी तळ फुग्यासारखा न होता फळीसारखा सपाट आणि ताठ राहतो. माणूस उभा राहिला तरी वाकत नाही. किंमत ऐकून मात्र माणूस बसतो.

काही होड्यांना तळाशी मुद्दाम भोकं ठेवलेली असतात. मला वाटलं हा कारखान्याचा दोष. तसं नव्हे. खळाळत्या नदीत होडीत आलेलं पाणी त्यातून आपोआप बाहेर जातं. संथ पाण्यात मात्र त्याच भोकांतून पाणी आत येतं आणि आपण दिवसभर ओल्यात बसतो. खळाळत्या पाण्यात जायचा आमचा विचार नव्हता. माझा तर कुठल्याच पाण्यात जायचा नव्हता.

हवेचे कप्पे किमान तीन हवेत: दोन बाजूंचे दोन आणि तळाचा एक. एक फुटला तर उरलेले तरंगत ठेवतात. हे मला चटकन पटलं, कारण आमच्याकडे संयुक्त खात्याला 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी सूचना घेतात, तिच्यात हाच विचार आहे. शेपटाखाली लावायचा सुटा पंखाही हवा, नाहीतर आखूड होडी वल्हं मारलं की पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवती फुगडी घालते. कोकणातल्या खाड्यांत खडकांना कालवं असतात आणि त्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. तेव्हा तळाचं कापड जाड हवं. पंप दोन्ही बाजूंनी हवा मारणारा हवा, म्हणजे दट्ट्या खाली नेतानाही आणि वर आणतानाही. दुपारच्या उन्हात होडी किनाऱ्यावर ठेवायची तर थोडी हवा सोडायची, कारण आतली हवा तापून फुगते. आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मगच घडी घालायची. ओली घडी घातली की बुरशी येते, आणि त्याच गाडीत रात्री माणसांना झोपायचं असतं.

सगळ्यात विचार करायला लावला तो वजनाच्या लेबलाने. त्यावर 180 किलो लिहिलेलं असतं. जाणकार सांगतात, त्याच्या दोनतृतीयांशापर्यंतच जावं. हे मेहुण्याला पटेना. "लिहिलंय तर चालणार ना!" मी त्याला समजावलं की बँकसुद्धा गहाण ठेवलेल्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर कर्ज देत नाही, मार्जिन ठेवते. बुडण्याचा संबंध आला की सगळेच मार्जिन ठेवतात.

एवढं ज्ञान मिळवल्यावर, प्रत्यक्ष पाण्यावरच्या माणसाला विचारावं म्हणून एका शनिवारी मी ऐरोलीजवळ दिव्याच्या कोळीवाड्यात गेलो. खाडीत स्वतःची होडी घालण्याचा प्रश्नच नव्हता. 2015 साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, सुमारे सतरा चौरस किलोमीटरचं. 2022 मध्ये खाडीला 'रामसर' पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला. फ्लेमिंगो बघायचे तर भरती पाहून सुटणाऱ्या बोटीने जायचं. जेट्टीजवळ एक म्हातारे नाखवा जाळं शिवत बसले होते. मी त्यांना कप्पे, पंखा, पीएसआय, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"होरी कंची बी घ्या," ते म्हणाले. "पयलं पानी इचारा. पानी सुटलं का चिखलान बसशीला, मग होरी लाखाची काय न्‌ धा रुपयाची काय."

मग त्यांनी मला भरतीचा हिशेब सांगितला. तिथीचे पाऊणपट करायचे. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी मवाळ. नवख्याने भांगाच्या दिवसांत, भरती येत असताना पाण्यात जावं, म्हणजे दमला तरी पाणी त्याला आत आणतं. ओहोटीत गेला तर बाहेर नेतं. पाऊणकीचा पाढा शाळेतून गेला, त्याला किती वर्षं झाली! पण समुद्र अजून त्यातच चालतो, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

मी उठायला लागलो तेव्हा नाखवांनी सहज विचारलं, "पवता येतं ना?"

"लहानपणी येत होतं," मी म्हटलं.

नाखवांनी जाळ्यातून मान वर केली. "पवनं इसरत नाय सायेब," ते म्हणाले. "येतं त येतं. नायतं नाय." आणि पुन्हा शिवायला लागले.

त्या संध्याकाळी घरी आलो तर मेहुणा मित्राची होडी 'ट्रायल' म्हणून घेऊन आलेला. सोफा उभा केला, टीपॉय किचनमध्ये गेलं, आणि दहा मिनिटांच्या उठाबशांनंतर आमच्या बाहेरच्या खोलीत सव्वादहा फुटी होडी उभी राहिली. तिचं एक टोक टीव्हीखाली आणि दुसरं बाथरूमच्या दारात होतं. शेजारचे लोक गणपती बघायला यावेत तसे येऊन गेले. एका आजींनी तर नमस्कारही केला. कन्या पुढे बसली, मी मागे. पंख्याखाली आम्ही दोघांनी हातात वल्ही घेतली. सौभाग्यवतीने फोटो काढला.

मेहुणा वही घेऊन खर्च मांडत होता. "लाइफ जॅकेटं तीन पुरेत. दोन मुलांना, एक मला. ताई आणि हिची मामी काठावरच थांबणार. भाऊजींना कशाला?"

आणि कन्या पुढे तोंड करूनच म्हणाली, "मलाही नको. गरम होतं ते. बाबा आहे ना मागे. पडले तर तो काढेल."

होडी आमच्या फरशीवर होती. खाली पाणी नव्हतं, खालच्या मजल्यावरचं कुटुंब होतं. पण त्या क्षणी मला सपशेल गटांगळी आल्यासारखं झालं. तीस वर्षं मी ती नदी रुंद करत होतो, ती माझ्या एकट्याच्या खात्यावर आहे अशा समजुतीने. त्या खात्यावर पोरीने जीव तारण ठेवला होता, आणि मार्जिन शून्य.

"जॅकेटं चार लिही," मी म्हटलं. "मला पोहता येत नाही."

मेहुणा हसला. त्याला विनोद वाटला. मग मी सगळं सांगितलं. डबा सांगितला, मामाचा हात सांगितला, मे महिना सांगितला. पाणी किती होतं तेही सांगितलं. होडीत बसूनच सांगितलं, कारण उठायला जागा नव्हती. मेहुण्याचं पेन वहीवर तसंच राहिलं.

"मला माहीत होतं," किचनच्या दारातून सौभाग्यवती म्हणाली. "साखरपुड्यालाच तुमच्या मामांनी सांगितलं होतं. डब्यासकट."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"माझ्या पोळ्या गोल होतात असं तुम्ही पाहुण्यांना सांगता, तेव्हा मी काही बोलते का?"

कन्या मात्र बोलली नाही. ती होडीतून उतरली आणि आत निघून गेली. जेवतानाही गप्पच होती. मुलांना आईबापांची गरिबी चालते, टक्कल चालतं, पण खोटा हिशेब चालत नाही. रात्री होडीची हवा सोडताना ती येऊन झडपेपाशी बसली. हवा फुसफुसत जात होती. मध्येच तिने विचारलं, "तुला भीती वाटली होती का रे तेव्हा? डबा असतानाही?"

"खूप," मी म्हटलं. "मामाचा हात आहे की नाही हे सारखं बघत होतो."

"मग हे सांगायचं होतंस ना," ती म्हणाली. "हीच गोष्ट जास्त चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांत होडी ठरली. तीन कप्पे, जाड तळ, भोकं नसलेली, सुटा पंखा, दोन माणसांची. इतके आठवडे जी निवड होत नव्हती ती आपोआप झाली, कारण आता अभ्यास करण्याचं काही कारणच उरलं नव्हतं. चार लाइफ जॅकेटं मात्र प्रत्येकाचं वजन पाहून, पट्टे ओढून बघून घेतली. त्याला जास्त वेळ लागला. माझं जॅकेट पाठीला लागलं आणि एकदम ओळखीचं वाटलं. शेवटी तेही काय, हवाबंद डबाच. फक्त रंगाने नारिंगी आणि वर एक शिट्टी.

तारकर्लीला आम्ही तिथी बघून गेलो. मेहुण्याच्या घरगाडीत दोन रात्री झोपलो. त्यातल्या पहिल्या रात्री फळी मोडली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. सकाळी भरती येत असताना काठाकाठाने होडी पाण्यात घातली. दोघांच्या होडीत पुढच्याने लय धरायची आणि मागच्याने ती पाळत दिशा सांभाळायची असते. कन्या पुढे, मी मागे. "डावं... उजवं... बाबा, माझ्याबरोबर!" ती ओरडत होती. आयुष्यभर लोकांना 'खिडकी क्रमांक चारवर जा' असं सांगणाऱ्या मला दिशा सांभाळणं बरं जमलं. पाणी कमरेएवढं असेल. दोनदा आम्ही स्वतःभोवती फिरलो, एकदा वाळूत रुतलो, आणि काठावर उभी असलेली सौभाग्यवती डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघत राहिली. एकूण अंतर फार तर तीनशे मीटर.

घरी आल्यावर आठवड्यात कन्येच्या मैत्रिणी जमल्या. मी आत पेपर वाचत होतो. बाहेर ती तारकर्लीची गोष्ट रंगवून सांगत होती. तीनशे मीटरचं एक किलोमीटर झालं होतं. पाणी दोन पुरुष खोल होतं. वाराही सुटला होता, जो मला तरी आठवत नव्हता. मला जरा काळजी वाटली. मी दारापर्यंत गेलो आणि कान देऊन ऐकू लागलो.

"...आणि बाबाला तर पोहताच येत नाही! पण दोघांनी जॅकेट घातलं होतं ना," ती सांगत होती.

मी परत येऊन पेपर उघडला. नदी रुंद झाली तर होऊ दे. ते रक्तातच आहे. जॅकेट जागेवर आहे, तोवर माझी हरकत नाही.